बादशाहाचं मुरलेलं पाणी

“बापूभाई, बादशाह आडवा पडलाय. श्वास घेतोय, पण उठत न्हाई. अब्बानं सकाळपासून चहासुद्धा घेतला न्हाई. तुमी आत्ताच्या आत्ता या.”

फोन सलीमभाईचा होता. त्या वेळी मी दुकानात एका गृहस्थांना समजावत होतो की माझ्याकडं पापलेट मिळत नाही. बीडमध्ये माझं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे, निम्मं आयुष्य त्यातच गेलं. पण बोर्डावर ‘फिश’ हा शब्द असल्यामुळं अजूनही अधूनमधून कुणीतरी पिशवी घेऊन येतंच. या गृहस्थांना मी गोल्डफिश दाखवला. त्यांनी तो खालून-वरून पाहिला आणि म्हणाले, “एवढ्याशात घरातल्यांचं काय भागतंय?” मी त्यांना रामराम केला, टेस्ट किटची पेटी उचलली आणि शटर ओढलं.

सलीमभाई फळांचे होलसेल व्यापारी. त्यांचे वडील, म्हणजे अब्बा, जन्मभर मांजरसुंब्याच्या नाक्यावर ट्रक मेकॅनिक होते. सोलापूरकडं जाणारा ट्रक बिघडला की ड्रायव्हर आधी ढाब्यावर जेवायचा आणि मग अब्बांच्या शिव्या खायचा, असा त्यांचा लौकिक. आता गुडघ्यांनी दगा दिलाय, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दिवसभर हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतात. समोर फिश टँक. त्यात एकच मासा, बादशाह.

बादशाह जातीनं ऑस्कर. काळ्या अंगावर नारिंगी डाग, पंज्याएवढा मोठा, आणि स्वभाव एखाद्या गावपुढाऱ्यासारखा. माणूस ओळखतो, हातातून खातो, खायला उशीर झाला की तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो. अब्बा घरात कुणाशी फार बोलत नाहीत. बादशाहाशी मात्र दिवसभर वाद चालतो, आणि तो वाद बंद पडला की अब्बांचं जेवणही बंद पडतं.

सलीमभाईंनी मला दारातच अडवलं आणि कानाशी आले.

“एक गोष्ट सांगतो, अब्बाला कळू देऊ नका. हा बादशाह तिसरा हाय.”

“तिसरा?”

“पहिला मेला तवा अब्बा झोपले होते. गुपचूप दुसरा आणला. त्यो बी गेला, मंग हा आणला. तुमच्याच दुकानातून नेले होते की. दोस्ताला पाहिजे म्हणून सांगितलं होतं तुमाला.”

मला आठवलं. त्या दोस्ताची आवड किती चांगली आहे, असं मी दुकानात चार लोकांना सांगितलंही होतं.

“अब्बाला नीट दिसत न्हाई, म्हणून खपून गेलं,” सलीमभाई म्हणाले. “पण तवा पिल्लं होती. आता हा एवढा मोठा झाला. हा गेला तर असा चौथा कुठून आणू?”

खरंच होतं. एवढा ऑस्कर माझ्याकडं नव्हता, आणि मी जिथून माल आणतो तिथंही सांगितल्याबरोबर मिळाला नसता. म्हणजे आहे हाच वाचवायला हवा होता.

आत गेलो. बादशाह तळाला एका कुशीवर कलला होता. कल्ले भराभर हलत होते. अब्बा काचेला नाक लावून बसले होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “आला का बे डॉक्टर? बघ, इंजिन चालू हाय, पण गाडी उचलत न्हाई.”

याहून नेमकं निदान मी आजवर ऐकलेलं नाही.

इथं वाचकांना थोडी शाळा शिकवतो, कंटाळू नका. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचं सगळं उरकतो. त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया म्हणजे माशासाठी विष. नदीत पाणी अफाट, तिथं निभावतं. काचेच्या पेटीत निभावत नाही. मग पेटीतला मासा जगतो कसा? तर फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खड्यांवर एक बुळबुळीत थर धरतो. त्यात दोन तऱ्हेचे बॅक्टेरिया राहतात. पहिले अमोनिया खातात आणि त्याचा नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. दुसरे तो नायट्राइट खातात आणि त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेट बराच सौम्य, अधूनमधून थोडं पाणी बदललं की काम भागतं. नव्या टँकमध्ये ही मंडळी नसतात. त्यांना वस्तीला यायला काही आठवडे लागतात. ती आली, कामाला लागली, की आमच्या धंद्यात म्हणतात, ‘टँक सायकल झाला.’ एकदा एका गिऱ्हाइकाला मी “आधी सायकल होऊ द्या, मग मासे घ्या” म्हणालो, तर तो म्हणाला, “माझ्याकडं मोटरसायकल आहे.” तेव्हापासून मी हा शब्द जपून वापरतो.

मी टेस्ट किट उघडलं. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. अमोनियाची नळी गर्द हिरवी झाली. ती पिवळी राहायला हवी. आपल्याकडचं पाणी क्षारांचं, जड. अशा पाण्यात अमोनिया जास्तच चावतो. म्हणजे विष सापडलं.

पण पुढच्या दोन नळ्यांनी मला कोड्यात टाकलं. नायट्राइट शून्य. नायट्रेटही शून्य. एवढ्या जुन्या टँकमध्ये नायट्रेट शून्य, म्हणजे वर्षभर नांदत्या घरात चूलच पेटलेली नाही. हा टँक वयानं मोठा होता, पण आतून कालच मांडल्यासारखा.

“काही औषध टाकलं होतं का?”

“न्हाई,” सलीमभाई म्हणाले.

“खाणं बदललं?”

“न्हाई. पण एक सांगतो बापूभाई, याचं दुखणं ठरल्यालं हाय. ताजं पाणी दिलं की टवटवीत. मंग जसंजसं पाणी शिळं होतंय, तसंतसा हा मान टाकतोय. परत ताजं पाणी दिलं की परत उठतोय. यंदा उन्हाळ्यात नळाचं अंतर लांबलं, तवापासून लई हाल हायेत त्याचे.”

शिळं पाणी. हा शब्द माझ्या कानात अडकला. पण त्याचा अर्थ लागायच्या आत मी फिल्टर उघडला आणि आतला स्पंज बाहेर काढला.

जुन्या टँकमधला स्पंज कसा असावा? काकवीत बुडवून काढल्यासारखा. हा पांढराशुभ्र होता. वर साबणाचा मंद वासही येत होता.

“हा नवीन घातला का?”

“नवीन कशाला?” अब्बा खुर्चीतून गरजले. “मी स्वतः धुतो त्याला! पावडर टाकून! फिल्टर काळा झाला तर गाडी धूर मारती. एवढं कळंना का तुला?”

मी काही बोलणार, तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, “नळ आला!”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. त्यामुळं नळ येणं हा सणच असतो. आणि या सणाचा एक रिवाज आहे. साठवलेलं जे पाणी उरलंय ते ओतून द्यायचं. इतके दिवस थेंबथेंब जपलेलं पाणी, नळ आला की एका क्षणात शिळं होतं. माठ, घागरी, ड्रम सगळं घासायचं आणि ताजं भरायचं. माझ्याही घरात हेच चालतं. त्यावर मी एकदा बायकोला प्रश्न विचारला होता. पुन्हा विचारला नाही.

आरोळी ऐकताच ते घर उठून उभं राहिलं. सलीमभाई मोटर लावायला धावले. भांडी खणखणली. अब्बांनी बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातला स्पंज मागितला. आणि सलीमभाईंच्या पत्नी, शबानाभाभी, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात रबरी नळी घेऊन सरळ टँककडं आल्या. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं मोरीकडं. हात इतका सरावाचा की मी बघतच राहिलो.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. दर नळाला या घरात बादशाहाचं पाणी पूर्ण ओतलं जात होतं. खडे घासले जात होते. काचा पुसल्या जात होत्या. स्पंज साबणानं धुतला जात होता. आणि वर ब्लीचिंगचं ताजं पाणी. बॅक्टेरिया बिचारे वस्ती करायला यायचे, पाल ठोकायचे, की नळ आला! पुन्हा उठवणी. ताज्या पाण्यात अमोनिया नसतो, म्हणून मासा दोन दिवस उठून बसायचा. घरच्यांना वाटायचं, ताजं पाणी म्हणजे औषध. तेच तर दुखणं होतं.

मी टँकसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. शाळेच्या गॅदरिंगनंतर इतक्या आवेशानं मी कुठं उभा राहिलो नव्हतो.

“भाभी, थांबा! या पाण्याला हात लावायचा नाही!”

“कावून?” भाभींनी नळी खाली ठेवली नाही. “शिळं झालंय ते.”

“शिळंच पाहिजे.”

“बापूभाई, घरी आलेल्या माणसाला आमी शिळं पाणी देत न्हाई. मुक्या जिवाला द्यायचं का? आणि मी लईदा केलंय हे. दर वेळी उठून बसतोय त्यो.”

“आणि दर वेळी परत पडतो. भाभी, त्या खड्यांवर, त्या स्पंजमध्ये बॅक्टेरिया असतात. ते मेले की…”

“म्हणजे जंतू?” भाभींचा आवाज चढला. “तुमी आमाला जंतू पाळायला सांगताव?”

मी हरलो. ‘बॅक्टेरिया’ हा शब्द उच्चारला की माणूस हात धुवायला उठतो, हा माझा जुना अनुभव. मी इकडंतिकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दह्याचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. बुडत्याला ओंडका दिसावा तसं ते मला दिसलं.

“भाभी, दही कसं लावता?”

“आता हे काय मधीच?”

“सांगा तरी.”

“कसं म्हंजे? दूध कोमट करायचं, विरजण टाकायचं.”

“आणि विरजण कुठून आणता?”

“आदल्या दह्यातून चमचाभर ठिवते की.”

“आणि कुणी तो चमचा रोज पावडर लावून धुतला तर?”

“मंग दही लागंल कसं?” भाभी म्हणाल्या. त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, टँककडं पाहिलं, मग सासऱ्यांच्या हाताकडं पाहिलं. तोवर माझ्या हातातला स्पंज अब्बांनी काढून घेतलेला होता.

“अब्बा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमी विरजण धुताव.”

अब्बांना ते पटलं नाही. “फिल्टर धुवायचा न्हाई? मंग त्याला फिल्टर कावून म्हनतेत बे?”

“नाव चुकलंय त्याचं, अब्बा,” मी म्हणालो. “ते गॅरेज आहे. आत तुमच्यासारखे मेकॅनिक राहतात. ते घाण दुरुस्त करतात. तुम्ही दर वेळी गॅरेज धुताना मेकॅनिक मोरीत सोडता.”

अब्बांनी स्पंज नाकाशी नेऊन हुंगला. “हाताला तेल लागल्याले असतेत का ते?”

“पक्के.”

“मंग खरे हायेत,” ते म्हणाले आणि स्पंज मला परत दिला.

आता उपचार. ड्रममध्ये नळाचं पाणी भरलं, त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले. त्यानं ब्लीचिंगचा जोर जातो. टँकमधलं निम्मं पाणी काढलं आणि तेवढंच हे पाणी हळूहळू घातलं. विष निम्मं झालं. उरलेल्या निम्म्यासाठी विरजण हवं होतं. ते माझ्या दुकानात होतं. माझ्या सगळ्यात जुन्या टँकचा स्पंज मी आजवर साबणाच्या वाऱ्यालाही उभा केलेला नाही. तो मी त्याच टँकच्या पाण्यासकट एका डब्यात भरला. डबा माझ्या जेवणाचा होता. त्यातली मेथीची भाजी मी कागदावर काढून ठेवली आणि स्कूटरवर, डबा मांडीत धरून, पुन्हा सलीमभाईंच्या दारात उभा राहिलो.

सगळे जमले होते. शेजारचीही दोन-तीन माणसं होती. मी डबा उघडला. तो काळपट, गिळगिळीत गोळा हातात घेतला आणि बादशाहाच्या डोक्यावर, त्या स्वच्छ पाण्यात, पिळला.

पाणी चहासारखं झालं.

“या अल्ला!” सलीमभाई म्हणाले. भाभींनी ओढणी तोंडाला लावली. एक शेजारी तर म्हणालासुद्धा, “ह्यानं तर आजच उरकलं.” मी शांतपणे पिळलेला स्पंज फिल्टरमध्ये बसवला आणि हात पुसले. माझ्या आयुष्यात टाळ्या मिळायला हव्या होत्या असे जे मोजके क्षण आले, त्यातला हा एक. मिळाल्या नाहीत.

“आणि अब्बा, दोन दिवस खाणं बंद.”

“उपाशी मारतो का माझ्या बादशाहाला?”

“इंजिन तापल्यावर तुम्ही गाडीत माल भरायचात का?”

अब्बांनी खाण्याचा डबा सुनेच्या हवाली केला.

रोज दुकान उघडायच्या आधी मी तिथं जायचो. हिरवी नळी फिकी होत गेली. बादशाह सरळ झाला, पण तळ सोडेना. मग एक दिवस सलीमभाईंचा घाबराघुबरा फोन आला. मी त्यांना टेस्ट करायला शिकवलं होतं, ही चूक म्हणावी की पुण्य, अजून ठरलं नाही.

“बापूभाई, दुसरी नळी जांभळी झाली! ते शेजारचे म्हणतेत, घाण टाकल्यावर दुसरं काय होणार!”

“पेढे वाटा,” मी म्हणालो.

जांभळा म्हणजे नायट्राइट. म्हणजे पहिली टोळी कामाला लागली होती, अमोनिया फस्त करत होती. दुसरी टोळी अजून पुरेशी वाढली नव्हती. हा मधला काळ नाजूक असतो. नायट्राइटमुळं माशाच्या रक्ताला हवा नेता येत नाही, पाण्यात हवा असूनही तो गुदमरतो. त्यावर साधा उपाय म्हणजे मीठ. मिठामुळं नायट्राइट माशाच्या अंगात शिरत नाही. भाभींच्या बरणीतलं खडेमीठ मोजून विरघळवलं, हवेचा पंप जोरात लावला, आणि रोज थोडं थोडं पाणी बदललं. याउपर माझ्या हातात काही नव्हतं. अब्बा जेवत होते, पण काचेशी बोलत नव्हते. मी गेलो की नुसतं विचारायचे, “मेकॅनिक आले का कामाला?”

आणि मग पुन्हा नळ आला.

मी स्कूटर अशी पळवली की वाटेत दोघांनी विचारलं, कुठं आग लागली का. तिकडं गल्लीभर शिळं पाणी वाहत होतं. त्यातून वाट काढत मी हॉलमध्ये शिरलो. भाभींच्या नणंदबाई घाटनांदूरहून आल्या होत्या आणि घर आवरायला लागल्या होत्या. त्यांच्या हातात तीच रबरी नळी. समोर भाभी उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून. माझीच नक्कल, पण माझ्यापेक्षा चांगली.

“वहिनी, आठवड्याचं शिळं पाणी हाय ते!” नणंदबाई म्हणत होत्या.

“शिळं न्हाई,” भाभी म्हणाल्या. “मुरल्यालं हाय.”

मी दारातच थांबलो. इतकी वर्षं धंदा करून हा शब्द मला सुचला नव्हता. मुरलेलं! लोणचं मुरतं, तसं पाणी मुरतं. आता हा शब्द मी सगळीकडं माझाच म्हणून वापरतो. भाभींना ठाऊक आहे. त्या हसतात.

टेस्ट केली. अमोनिया पिवळा. नायट्राइटची नळी आभाळासारखी फिकी निळी, म्हणजे शून्य. आणि तिसरी, इतके दिवस कोरी राहिलेली नायट्रेटची नळी, चढत चढत नारिंगी झाली. मी ती खिडकीपाशी धरून सगळ्यांना दाखवली. दुसरी टोळी कामावर हजर झाली होती. टँक सायकल झाला होता.

अब्बांनी खाण्याचे दोन दाणे बोटांत धरले आणि पाण्यावर नेले. बादशाह तळाशी थोडा थांबला. मग वर आला, दाणे हिसकले, आणि अब्बांच्या चष्म्यावर सरळ पिचकारी मारली.

“हरामखोर!” अब्बा ओरडले. आवाज पार मांजरसुंब्यापर्यंत गेला असेल. चष्मा त्यांनी पुसला नाही.

सलीमभाई भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे रुमालानं पुसले आणि म्हणाले, घाम हाय.

निघताना अब्बांनी मला खाली वाकायला लावलं. “पोरगं म्हणतंय का काही तुला? मासा बदलल्याचं?”

मी टेस्ट किटची पेटी उगाच उघडून बंद केली.

“हा तिसरा हाय. पहिला काचेवर ठोका मारायचा. दुसरा लाजाळू होता, दगडाआड बसायचा. हा पिचकारी मारतो. मेकॅनिकला इंजिन बदलल्यालं कळत न्हाई का बे?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“पोरगं चोरून चोरून एवढं पळतंय माझ्यासाठी,” अब्बा म्हणाले. “चालती गाडी कावून बंद पाडायची?”

सलीमभाईंना हे अजून ठाऊक नाही. हा मजकूर छापून आला तर कळेल, पण ते फळांच्या भावाशिवाय काही वाचत नाहीत.

बादशाह आता दीड पंज्याचा झालाय. टँकवर भाभींनी खडूनं लिहून ठेवलंय, ‘मुरल्यालं पाणी. हात लावू नये.’ आणि मासे आजारी पडले म्हणून कुणी दुकानात आलं, तर मी टेस्ट किट नंतर उघडतो. आधी विचारतो, तुमच्याकडं नळ कधी आला होता? निम्म्या वेळी किट उघडावंच लागत नाही.